सांडपाण्यातलं नत्र: काम जिवाणूंचं, सोय कोळशाची

कपाशीची शेवटची वेचणी आटोपली की विदर्भात, मराठवाड्यात आणि खानदेशात बांधाबांधावर पऱ्हाटीचे ढीग लागतात. गुलाबी बोंडअळी त्यात दडून राहते, म्हणून ढीग वेळेत हलवायचा असतो, आणि बहुतेक ठिकाणी हलवणं म्हणजे काडी लावणं. याच पट्ट्यातल्या विहिरी-बोअरचं पाणी तपासलं तर नायट्रेट जास्त निघतं. केंद्रीय भूजल मंडळाच्या 2024 च्या गुणवत्ता अहवालात महाराष्ट्रातल्या सुमारे 36 टक्के नमुन्यांत ते मर्यादेबाहेर होतं. देशातल्या सर्वाधिक बाधित 15 जिल्ह्यांच्या यादीत वर्धा, बुलढाणा, अमरावती, नांदेड, बीड, जळगाव आणि यवतमाळ हे आपले सात जिल्हे आहेत. त्याच पऱ्हाटीचा नीट कोळसा केला, तर निदान घरच्या सांडपाण्यातून जमिनीत उतरणारं नत्र बरंचसं अडवता येतं. ते कसं, हे पुढे सांगतो.

आधी एक गोष्ट स्पष्ट करतो. विहिरीतलं नायट्रेट दोन वाटांनी येतं. एक शेतातून, म्हणजे पिकाला न लागलेल्या युरियातून, आणि दुसरी वाट सेप्टिक टँक, शोषखड्डा, गोठा आणि उकिरड्यातून. इथे सांगितलेली रचना दुसरी वाट अडवते. शेतातल्या युरियावर तिचा काही परिणाम नाही, आणि आधीच बिघडलेली विहीरही ती सुधारून देणार नाही. पिण्याच्या पाण्यात नायट्रेटची मर्यादा 45 मि.ग्रॅ. प्रतिलिटर आहे. तुमच्या विहिरीत त्याहून जास्त असेल तर पाणी उकळू नका. उकळल्याने नायट्रेट उडून जात नाही, पाणी आटतं आणि प्रमाण उलट वाढतं. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला वरचं दूध करताना असं पाणी मुळीच वापरू नये. नायट्रेटमुळे त्या वयात रक्ताची प्राणवायू वाहण्याची क्षमता घटते आणि बाळ निळं पडू शकतं.

आता सांडपाण्यातल्या नत्राचा प्रवास पाहू. लघवीतल्या युरियाचा काही तासांत अमोनिया होतो. मोरीला आणि सेप्टिक टँकला जो डोळ्यांत झोंबणारा वास येतो, तो त्याचाच. पुढचं काम जिवाणूंचं. हे काम रसायनाचं नसून सजीवांचं आहे, हे 1877 मध्ये फ्रान्समध्ये श्लोसिंग आणि म्युंट्झ यांनी दाखवलं. त्यांनी वाळू आणि चुनखडी भरलेल्या नळीतून मैलापाणी सावकाश झिरपवत ठेवलं. सुमारे वीस दिवस काहीच फरक पडला नाही. नंतर अमोनिया कमी होऊ लागला आणि नायट्रेट दिसू लागलं. मग त्यांनी नळीत क्लोरोफॉर्मची वाफ सोडली आणि सगळं थांबलं. ताज्या मातीचं पाणी घातल्यावर काही दिवसांनी काम पुन्हा सुरू झालं. सांडपाण्याच्या टाकीत फिनाईल ओतणाऱ्या प्रत्येकाने हा प्रयोग लक्षात ठेवावा.

पण अमोनियाचं नायट्रेट होणं हा निम्माच रस्ता. नायट्रोसोमोनास अमोनियाचं नायट्राइट करतात, नायट्रोस्पायरा आणि नायट्रोबॅक्टर त्याचं नायट्रेट करतात, आणि दोघांनाही भरपूर हवा लागते. एक ग्रॅम अमोनिया-नत्रामागे साडेचार ग्रॅमहून थोडा जास्तच प्राणवायू खर्च होतो. नायट्रेटचा साधा नायट्रोजन वायू करणारी मंडळी वेगळी. पॅराकॉकस, स्यूडोमोनास वगैरे. त्यांना उलटी परिस्थिती लागते: हवा जवळपास नको, पण खायला कार्बन हवा. हवा नसली की श्वासासाठी ते नायट्रेटमधला प्राणवायू ओढून घेतात, आणि उरलेला नायट्रोजन बुडबुड्यांनी वर निघून जातो. तो हवेतलाच वायू असल्याने त्याचा त्रास नाही.

आपल्या नेहमीच्या व्यवस्थेचं दुखणं इथेच आहे. सेप्टिक टँकमध्ये हवा नाही, त्यामुळे अमोनिया जसाच्या तसा बाहेर पडतो. शोषखड्ड्याभोवतीच्या मुरुमात हवा असते, तिथे त्याचं नायट्रेट होतं. पुढचा टप्पा घडायला तिथे कार्बन नसतो. मग ते नायट्रेट खडकाच्या भेगांतून थेट विहिरीकडे जातं. विहीर शोषखड्ड्यापासून 15 मीटर लांब असावी असं सांगतात, पण आपल्या भेगाळ काळ्या पाषाणात तेवढ्या अंतराचा भरवसा धरू नये.

कोळसा या सगळ्यात काय करतो? बाजारात ‘बायोचार फिल्टर’ म्हणून जे विकलं जातं, त्याच्या जाहिरातीत कोळसा नत्र ‘शोषून घेतो’ असं लिहिलेलं असतं. त्यात अर्धंच खरं आहे. बायोचारच्या, म्हणजे अशा कोळशाच्या, पृष्ठभागावर बहुधा ऋण विद्युतभार असतो, म्हणून धन भाराचा अमोनियम त्याला काही प्रमाणात चिकटतो, पण नायट्रेट जवळजवळ चिकटतच नाही. अमोनियमची जागाही थोड्या आठवड्यांत भरून जाते. कोळशाचा खरा उपयोग असा की त्याच्या सूक्ष्म छिद्रांत जिवाणूंना वस्ती करता येते, वीज गेली तरी ओल टिकते, आणि राखेतला क्षार पाण्याची आम्लता थोडी सावरतो. दुसऱ्या टप्प्यात चांगला तापलेला कोळसा इलेक्ट्रॉनची देवघेव सोपी करतो. त्यामुळे नायट्रस ऑक्साइड हा तापमानवाढीत कार्बन डायऑक्साइडच्या 273 पट घातक वायू कमी सुटतो, असं बऱ्याच प्रयोगांत दिसलं आहे. तेव्हा कोळशावर खर्च करा, पण जिवाणूंना हवं-नको पाहण्यावर त्याहून जास्त लक्ष द्या.

बांधकामाला हात घालण्याआधी एक हिशेब करा. दहा माणसांच्या शेतघरातून रोज साधारण 1000 लिटर सांडपाणी निघतं. त्यात लिटरमागे 70 मि.ग्रॅ. नत्र धरलं तर दिवसाला 70 ग्रॅम, वर्षाला 25 किलो. म्हणजे 55 किलो युरिया, एका गोणीहून जास्त. हे हवेत उडवून द्यायचं आणि दुकानातून युरिया आणायचा, यात शहाणपण नाही. घरामागे केळी, नारळ, नेपिअर गवत असं बारमाही काही असेल, तर सेप्टिक टँकचं पाणी आलटून पालटून त्यालाच द्या. फक्त कच्च्या खायच्या भाज्यांना देऊ नका. गोमूत्र तर सांडपाण्यात सोडूच नका, ते वेगळं धरून शेतात न्या. ही रचना उपयोगी आहे ती जागा कमी असणाऱ्यांना, विहीर जवळ असणाऱ्यांना आणि वसतिगृह, धाबा, आश्रमशाळा अशा ठिकाणांना, जिथे पाणी जास्त आणि ते पिणारं पीक कमी असतं.

दहा माणसांचा तोच आकडा घेऊन रचना मांडतो. माणसं वाढतील तसं सगळं त्या प्रमाणात वाढवायचं.

सेप्टिक टँकच्या पुढे दीड हजार लिटरची एक टाकी बांधा किंवा पुरा. त्यात पंप बसवा. टाकीशेजारी 6 चौरस मीटरचा, 60 सेंमी खोल वाफा करा. तळाला आणि बाजूंना विटांचं बांधकाम किंवा शेततळ्याचा प्लास्टिक कागद चालतो. तळाशी मोठी गिट्टी आणि तिच्यात भोकं पाडलेला पाइप, वर 3 ते 6 मि.मी. ची धुतलेली बारीक खडी चार भाग आणि कोळसा एक भाग असं मिश्रण, आणि सर्वांत वर दहा सेंमी नुसती खडी. वरचा थर विसरू नका, नाहीतर कोळसा तरंगून एका कोपऱ्यात गोळा होतो. पंप टायमरवर लावा, दर अर्ध्या तासाला मिनिट-दीड मिनिट. पाणी वर शिंपडलं जाऊन खाली झिरपलं पाहिजे. वाफ्यात पाणी साचलं की हवा गेली, आणि हवा गेली की काम थांबलं.

वाफ्यातून खाली आलेलं पाणी एका छोट्या पेटीत घ्या. पेटीला एकाच उंचीवर चार सारखी भोकं पाडा. तीन भोकांचं पाणी परत पंपाच्या टाकीत, एकाचं पुढे. ही पेटी दिसायला किरकोळ असली तरी सगळ्या रचनेचा जीव तिच्यात आहे. परत आलेल्या पाण्यात नायट्रेट असतं, टाकीत सेप्टिक टँकमधून आलेला कार्बन असतो आणि हवा नसते, म्हणजे दुसऱ्या टप्प्याला जे हवं ते सगळं तिथे फुकट मिळतं. तीन भाग फिरवून एक भाग सोडला तर कागदावर 75 टक्के नत्र निघतं. तुम्ही हिशेब 60 टक्क्यांचा धरा. भोकं अगदी एका पातळीत हवीत. पेटी एका बाजूला कलली की एका भोकातून धो धो आणि दुसऱ्यातून थेंबही नाही, असं होतं. पाणी भरून पातळी पाहूनच पेटी पक्की करा.

उरलेल्या नत्रासाठी दुसरा खड्डा: 3 मीटर लांब, 1 मीटर रुंद, 1 मीटर खोल, आत शेततळ्याचा कागद. त्यात बाभूळ-सुबाभळीसारख्या लाकडाचे दोन-तीन सेंमीचे ढलपे आणि सहाव्या भागाइतका कोळसा. हा खड्डा कायम पाण्याने भरलेला हवा. पाणी एका टोकाला तळाशी शिरेल आणि दुसऱ्या टोकाला वरून बाहेर पडेल असं करा. बाहेरच्या पाइपाला फिरता एल्बो लावला की पातळी वर-खाली करता येते. अशा ढलप्यांच्या खड्ड्यात घनमीटरमागे दिवसाला 2 ते 22 ग्रॅम नत्र निघतं असा जगभरचा अनुभव आहे. आपल्या उन्हात 10 धरायला हरकत नाही. मग 3 घनमीटरमध्ये 30 ग्रॅम, आपलं काम भागतं. ढलप्यांऐवजी दाणे काढलेली मक्याची कणसं टाकली तर सुरुवातीला वेग बराच जास्त मिळतो, पण ती लवकर कुजून संपतात. लाकूड बरीच वर्षं टिकतं. पहिले काही आठवडे या खड्ड्यातून चहासारखं तपकिरी पाणी येईल. ते झाडांना द्या, शोषखड्ड्यात नको. वरून माती आणि गवत लावून खड्डा झाकून टाका, मुलं-जनावरं त्यात पडायला नकोत.

एकूण सव्वा घनमीटरच्या आसपास कोळसा लागेल. वजनात अडीचशे किलोच्या पुढे-मागे. वाळलेल्या पऱ्हाटीच्या वजनाच्या पाचव्या भागाइतका कोळसा मिळतो आणि चाळताना काही वाया जातो, म्हणजे दीड टन पऱ्हाटी हवी. एकरी साधारण टनभर निघते. बोंडं आणि पाला झडलेली, हाताने मोडल्यावर कट्कन तुटणारी पऱ्हाटी घ्या. वाकते ती ओली, तिचा नुसता धूर होतो. तुराट्याही चालतात. रंग लावलेलं किंवा औषध मारलेलं लाकूड आणि प्लास्टिकचा तुकडासुद्धा नको.

कोळसा करायला भट्टी विकत घ्यायची गरज नाही. वर सव्वा मीटर रुंद, पाऊण मीटर खोल आणि खाली निमुळता होत जाणारा खड्डा खणा. तळाशी काटक्यांची चौकट रचून तिला वरून आग लावा, खालून नाही. आग धरली की हातभर लांबीचे तुकडे आडवे, एक-एक थर टाकत जा. पुढचा थर कधी टाकायचा हे राख सांगते. वरच्या काटक्यांवर पांढरी झाक दिसू लागली की लगेच नवा थर. उशीर केला तर कोळशाची राख होते, घाई केली तर ज्वाळा दबून धूर उठतो. ज्वाळांचा पडदा वर अखंड राहिला तर खालच्या कोळशापर्यंत हवा पोचत नाही आणि धूरही वरच्या वर जळून जातो. स्वित्झर्लंडमधल्या इथाका संस्थेने 2014 च्या सुमारास ‘कॉन-टिकी’ नावाने जी भट्टी मांडली, तिचं तत्त्व हेच. खड्डा काठोकाठ आला, शेवटच्या थरावर पांढरी झाक आली की पाणी ओता, खालपर्यंत पोचेल इतकं. दोन भरलेले ड्रम आधीच हाताशी ठेवा. वरवर विझलेला ढीग रात्री पुन्हा पेटतो. गोठ्यापासून, गंजीपासून लांब, वारा पडलेला असताना, उघड्यावरच करा. विषारी कार्बन मोनॉक्साइड या कामात असतोच. एका खड्ड्यातून पाव घनमीटरच्या आसपास कोळसा येतो, म्हणजे पाच-सहा वेळा पेटवावं लागेल.

दुसऱ्या दिवशी एक तुकडा दुसऱ्यावर वाजवून पाहा. नीट झालेला कोळसा खणखणीत वाजतो, बोटांत चुरतो आणि हात पाण्याने लगेच स्वच्छ होतात. हाताला तेलकट चिकट डाग राहिला तर तो कमी तापलेला आहे, पुढच्या भट्टीत वरून टाकून द्या. मग चाळा. अर्धा ते दोन सेंमीचे तुकडे वाफ्यासाठी, भुकटी कंपोस्टसाठी. भुकटी वाफ्यात गेली तर सहा महिन्यांत वाफा तुंबेल. चाळलेला कोळसा ड्रममध्ये वजन ठेवून आठवडाभर भिजवा आणि एक-दोनदा पाणी बदला. पहिल्या धुवणाच्या पाण्यात खूप क्षार असतो, जिवाणूंना तो सोसत नाही. आंब्या-चिंचेच्या बुंध्याशी थोडं थोडं ओता.

आता विरजण. नायट्रेट करणारे जिवाणू फार सावकाश वाढतात आणि त्यांचे बीजाणू होत नाहीत. त्यामुळे ‘जिवाणू कल्चर’च्या कोरड्या पुड्यांत बहुधा बॅसिलससारखे दुसरेच जिवाणू असतात, आणि ते हे काम करत नाहीत. पुडीवर पैसे घालवू नका. शेणाने आणि गूळ-बेसनाच्या द्रावणानेही इथे फारसं साधत नाही, कारण यांना गोड खाणं लागतच नाही. ते अमोनियावर जगतात. जवळ सोसायटीचं किंवा नगरपालिकेचं चालू सांडपाणी केंद्र असेल तर ब्लोअर चालणाऱ्या टाकीतला तपकिरी गाळ दोन-तीन बादल्या मागून आणा. गाळाला मातीचा वास हवा. कुजका वास येत असेल तर घेऊ नका. बंद कॅनमध्ये भरून रात्रभर ठेवू नका, त्याच दिवशी पातळ करून वाफ्यावर ओता. हातमोजे घाला आणि हात साबणाने धुवा. दुसऱ्या टप्प्याला विरजण लागत नाही, ते जिवाणू मैलापाण्यात भरपूर असतात.

फेब्रुवारी-मार्चमध्ये सुरू केलंत तर बरं. पाणी 25 ते 30 अंशांवर असलं की हे जिवाणू जोरात असतात. डिसेंबरच्या थंडीत सुरुवात केली तर दुप्पट वेळ वाट पाहावी लागेल. चार ते आठ आठवडे लागतील असं धरून चाला. मत्स्यटाकीवाल्यांकडे अमोनिया, नायट्राइट आणि नायट्रेट तपासायचे किट मिळतात, ते पुरतात. वाफ्यातून आलेल्या पाण्यात आधी नायट्राइट चढेल, मग ते उतरेल आणि नायट्रेट दिसेल. नायट्राइट पाहून घाबरू नका. शेवटच्या पाण्याचा एक नमुना मात्र भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या प्रयोगशाळेत द्या, विहिरीचाही द्या. अहवाल वाचताना एक बारीक गोष्ट पाहा: आकडा ‘नायट्रेट’चा आहे की ‘नायट्रेट-नत्रा’चा? 45 नायट्रेट म्हणजे 10 नायट्रेट-नत्र. एका कागदावर 12 आणि दुसऱ्यावर 53 लिहिलेलं असेल तर पाणी बहुधा सारखंच आहे.

काही बिघडलं तर पाहायच्या जागा ठरलेल्या आहेत. अमोनिया कमी होत नसेल तर आधी वाफ्यात पाणी साचतंय का ते पाहा, मग घरात कोणी ॲसिड, ब्लीचिंग पावडर किंवा फिनाईल बादलीने ओतलं का ते विचारा, आणि मग सामू तपासा. एक ग्रॅम अमोनिया-नत्राचं नायट्रेट होताना सात ग्रॅमहून जास्त क्षारता खर्च होते, दुसऱ्या टप्प्यात त्यातली निम्मी परत मिळते. आपल्या विहिरींचं जड पाणी हे सहसा निभावून नेतं. पण घराला आरओचं किंवा पावसाचं मऊ पाणी असेल तर सामू साडेसहाच्या खाली घसरू शकतो. चुनखडीचे खडे परतीच्या पाइपाखाली टाकून ठेवा. अमोनिया गेला पण नायट्रेट तेवढंच राहिलं, तर परतीची पेटी कललेली असते किंवा ढलप्यांचा खड्डा पूर्ण भरत नसतो. त्या खड्ड्याला सडक्या अंड्यांचा वास आला तर उलट झालंय: नायट्रेट संपलं आणि पाणी फार वेळ थांबतंय. एल्बो थोडा खाली करा. स्वयंपाकघराची मोरी तेल अडवणाऱ्या चेंबरशिवाय जोडू नका. तेलकट थर बसला की वाफा धुऊनही नीट होत नाही. वीज दिवसभर गेली तरी काळजी नको, ओल्या कोळशात जिवाणू तग धरतात. आठवडाभर घर बंद राहणार असेल तर टायमर चालूच ठेवा.

शहरातल्या सोसायट्यांसाठी थोडं वेगळं. राष्ट्रीय हरित लवादाने एप्रिल 2019 च्या आदेशात सांडपाणी केंद्रांसाठी एकूण नत्राची मर्यादा लिटरमागे 10 मि.ग्रॅ. सुचवली आणि तेव्हापासून सल्लागारांची नवनवी उपकरणं विकण्याची घाई वाढली. चालू एमबीबीआर टाकीत, म्हणजे फिरत्या प्लास्टिकच्या तुकड्यांवर जिवाणू वाढवणाऱ्या टाकीत, कोळसा टाकू नका. तो झिजून भुकटी होतो आणि पुढच्या जाळ्या-फिल्टर तुंबवतो. तुमच्या केंद्रात हवेविना चालणारी टाकी आहे का आणि ब्लोअरच्या टाकीतलं पाणी तिच्यात किती पट परत फिरतं, हे आधी ऑपरेटरला विचारा. बऱ्याच ठिकाणी टाकी असते आणि परतीचा पंप वीजबिलासाठी बंद ठेवलेला असतो. तो चालू करणं कुठल्याही कोळशापेक्षा स्वस्त पडतं. कोळशाचा फिल्टर द्यायचाच असेल तर तो सगळ्यांत शेवटी द्या.

ही सगळी रचना नत्र काढते, रोगजंतू नाही. बाहेर आलेलं पाणी कितीही नितळ दिसलं तरी ते पिण्याचं, भांडी घासण्याचं नाही. झाडांच्या मुळाशी किंवा शोषखड्ड्यात जाऊ द्या. काही वर्षांनी वाफ्याचा वरचा थर तुंबू लागेल तेव्हा तेवढाच खरवडून काढा. तो फेकायचा नाही. त्यात अमोनियम आणि स्फुरद भरलेलं असतं. सहा महिने उन्हात कंपोस्टबरोबर मुरवा आणि पावसाआधी फळझाडांच्या आळ्यात घाला. दुसऱ्या खड्ड्यातले ढलपे खाली बसले की वरून नवे टाका, आधीचे उकरून काढायची गरज नाही.